वितभर वायर

बिघडलेली वस्तू दुरुस्त करून ती कायमची निकामी करण्याचं जे कसब आमच्या साडूभाऊंकडे होतं, ते अख्ख्या दादरा-नगर हवेलीत दुसऱ्या कुणाकडे नसेल. खडोलीतल्या त्यांच्या धाग्याच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की सुपरवायझर आधी यांना चहाला पाठवी आणि मग मेकॅनिकला बोलावी. सुट्टीच्या दिवशी माझी मेहुणी रेडिओ आणि इस्त्री कपाटात घालून किल्ली कमरेला खोवायची. "बाहेर कशाला द्यायचं, घरच्या घरी होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

सायली गावातल्या माझ्या शाळेच्या मैदानावर कारखान्या-कारखान्यांचे कबड्डीचे सामने व्हायचे. त्यांचं समालोचन साडूभाऊंकडे. मराठीत सुरू करायचे, गुजरातीत तापायचे आणि हिंदीत भांडायचे. एका हातात तंबाखू, दुसरा हातवारे करायला मोकळा हवा, म्हणून वापीच्या भंगारवाल्याकडून तोंडापुढे माइक येणारा हेडफोन आणला होता. त्याची वायर दर मोसमात तुटे. मग घरी ओट्यावर बसून साडूभाऊ तुटका भाग कापून टाकत, दातांनी वायर सोलत, पीळ देऊन जोडत आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळत. प्रत्येक दुरुस्तीत वायर वितभर आखूड व्हायची. सुरुवातीला हा माणूस मैदानाच्या कडेनं फिरत बोलायचा. मग खुर्चीत बसून बोलू लागला. पुढं पुढं तर ओसरीतल्या अँप्लिफायरला नाक लावून, मैदानाकडे पाठ करून बोलायची पाळी आली. मागं उभं राहून काय चाललंय ते मी सांगायचं, आणि त्यांनी ते तिखटमीठ लावून गावाला ऐकवायचं. मी नवी वायर आणून देतो म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी अंतिम सामन्यात माझा भाचा, म्हणजे त्यांचाच मुलगा, खेळत होता. दुसऱ्या दिवशी तो भरूचला नोकरीवर रुजू होणार होता, म्हणजे खेळ संपलाच. "पोराचा शेवटचा सामना आहे मास्तर, त्याचं नाव मीच पुकारणार," असं ते महिनाभर सांगत होते. आणि त्याच सकाळी वायर पुन्हा तुटली. उरली ती खरोखरच वितभर.

शेवटच्या चढाईला पोरगा आत गेला आणि तिघांना लोळवून मधल्या रेषेवर पडला. मैदान असं उसळलं की माझ्या तोंडून शब्दच फुटेना. लाउडस्पीकरवरून साडूभाऊंचा आवाज आला, "मास्तर, कोण? अहो, कोण?" सगळे हसले. मी म्हणालो, "तुमचाच." त्यांनी हेडफोन ओरबाडून काढला आणि पळाले, पण तोवर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. त्यांना दिसली ती फक्त त्याची मातीनं भरलेली पाठ. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

घरी येताना पोरानं विचारलं, "नाना, पाहिलंत ना?"

"पाहिलं तर," ते म्हणाले.

पोरगा भरूचला गेला, त्या संध्याकाळी साडूभाऊ माझ्याकडे आले. हळूच म्हणाले, "मास्तर, त्यानं आधी डावीकडचा गडी मारला की उजवीकडचा? दिवाळीला येईल तो. विषय निघाला तर सांगता आलं पाहिजे."

मला कुठं आठवत होतं? मी डावीकडचा म्हणून ठोकून दिलं. तेवढंच पुटपुटत ते घरी गेले.