इंजिन कोणाचं, गाडी कोणाची

बोनेट उघडं होतं. त्याच्या दोन बाजूंना दोन इंजिनीअर उभे राहून आपापल्या साहेबांशी फोनवर बोलत होते. गाडीकडे कोणी बघत नव्हतं. गाडीचे मालक पुंडलिकराव बाकावर बसून माझ्याकडे बघत होते.

मी नागपुरात वाडीला एका डीलरशिपमध्ये वर्क्स मॅनेजर आहे. म्हणजे वर्कशॉपात येणारी प्रत्येक गाडी आणि प्रत्येक शिवी आधी माझ्या टेबलावर येते. आम्ही पिकअप विकतो. पुढे केबिन, मागे माल भरायला हौदा. प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा आमच्या कंपनीने स्वतःचं जुनं डिझेल इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या कंपनीकडून तयार इंजिन घ्यायला सुरुवात केली. ह्याला सप्लाय पार्टनरशिप म्हणतात. त्यात गैर काही नाही. पुरण शेजारणीकडून आणलं आणि पोळ्या आपण लाटल्या तर कोणाचं काय बिघडतं? पोळी फाटली की मात्र पुरणवाली कणकेला नावं ठेवते आणि कणीकवाली पुरणाला.

आमची पोळी फाटली होती.

पुंडलिकराव भिवापूरचे. सुकलेली मिरची भरून नागपुरातल्या एका मसाला कारखान्यात पोचवायची, हा त्यांचा धंदा. गाडी एकच. ऊन तापायला लागलं तशी उमरेड ओलांडल्यावर तिच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा आणि ती बैलगाडीसारखी चालायची. ह्याला डिरेट म्हणतात. इंजिन फार तापलं की त्यातला कॉम्प्युटर त्याची ताकद स्वतःहून कमी करतो, म्हणजे ते जळत नाही. इंजिन वाचतं, पण माल वेळेवर पोचत नाही.

"साहेब, कारखान्यावाल्यानं मले सांगून टाकलं," पुंडलिकराव म्हणाले. "आणखी एक डाव उशीर झाला तं दुसरी गाडी लावतो म्हणे. माहा सारा सीझन त्याच कारखान्यावर आहे जी."

आम्ही थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, रेडिएटर धुतला. दिवा लागतच राहिला. मी वर कळवलं. गाडी कंपनी म्हणाली, इंजिन त्यांचं आहे, त्यांना विचारा. इंजिन कंपनी म्हणाली, आमचं इंजिन उत्तम आहे, गाडीला विचारा. मी दोघांनाही इतके मेल टाकले की शेवटी दोघांनी एकेक माणूस धाडला. गाडीवाल्यांचे सबनीस आणि इंजिनवाल्यांचे चौधरी.

चौधरींनी बोनेट उघडं ठेवून, गाडी उभी ठेवून इंजिन चालवलं. तापलं नाही. "इंजिन ओके," ते म्हणाले. मग सबनीसांनी रिकामी गाडी अमरावती रोडवर फिरवून आणली, एसी लावून. "गाडी ओके," ते म्हणाले.

"मग दिवा कशाने लागतो?" मी विचारलं.

"ड्रायव्हिंग हॅबिट," दोघं एका सुरात म्हणाले. ह्या पार्टनरशिपमध्ये मी पाहिलेलं हे पहिलं एकमत.

"काहून जी," पुंडलिकराव बाकावरूनच बोलले, "मले गाडी फक्त उमरेडपर्यंतच चालवता येते काय?"

मी म्हटलं, माल भरून चालवून बघू. सबनीसांचा चेहरा पडला. "लोडेड ट्रायलला जॉइंट प्रोटोकॉल लागतो, लांजेवार. दोन्हीकडचं अप्रूव्हल." खरी गोष्ट त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितली. इंजिन कंपनीने तेच इंजिन आमच्या स्पर्धकालाही द्यायला सुरुवात केली होती. आमचं मॅनेजमेंट दुसरा पार्टनर शोधत होतं. करार नव्याने व्हायचा की मोडायचा ह्यावर वर घासाघीस चालू होती. अशा वेळी दोष सापडला तर तो कोणाचा तरी निघणार. म्हणून तो सापडूच नये, ह्यासाठी ही दोन हुशार माणसं विमानाने नागपूरला आली होती. मला मनापासून किळस आली.

"ट्रायल नाही, ही डिलिव्हरी आहे," मी म्हटलं. "उद्या पुंडलिकराव भिवापूरहून मिरची भरून निघतील, मी त्यांच्या शेजारी बसतो. तुम्ही मागून कारने या. रस्ता सगळ्यांचा आहे."

ते आले. उमरेड गेलं आणि दिवा लागला. गाडी कडेला घेतली. मी उतरून पुढे जाऊन उभा राहिलो आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. ग्रिलवर, म्हणजे पुढच्या जाळीवर, पार्टनरशिपची चकचकीत पाटी होती. दोन्ही कंपन्यांची नावं आणि मध्ये हातात हात. जेवणाच्या ताटाएवढी रुंद नाही, चांगली परातीएवढी. तिच्याच मागे इंटरकूलर. इंजिनात जाणारी हवा टर्बो दाबतो, दाबली की ती तापते, तिला थंड करणारी ही जाळी. तिच्या मागे रेडिएटर. दोघांचीही हवा पाटीने अडवली होती. बोनेट उघडं असलं किंवा गाडी रिकामी असली तर निभावून जायचं. माल भरला आणि ऊन तापलं की संपलं.

"आम्ही कूलिंग तपासून पास केलं तेव्हा ही पाटी नव्हतीच," चौधरी म्हणाले.

"आधी छोटी होती," सबनीस म्हणाले. "मग तुमच्या लोकांना नाव आमच्याएवढं मोठं हवं झालं. मग आमच्या लोकांना जरा मोठं हवं झालं."

मी पाना काढला. सबनीस धावत आले. "थांबा! ती पाटी ॲग्रीमेंटमध्ये आहे. साइज, जागा, सगळं. काढली तर अनऑथराइज्ड मॉडिफिकेशन होईल. इंजिनाची वॉरंटी जाईल."

"पाटी गाडीवर आहे, म्हणजे दोष गाडीचा," चौधरी म्हणाले.

"पाटीवर तुमचंही नाव आहे!"

भर उन्हात, मिरचीच्या ठसक्याने शिंकत, दोघं पाटीची वाटणी करत राहिले. पुंडलिकरावांनी थोडा वेळ ऐकलं. मग मला विचारलं, "पाटी काढली तं गाडी पळते काय?"

"पळेल. पण पुढे इंजिनाचं काही झालं तर कंपनी हात वर करेल."

"इंजिन जाईन तवा जाईन. काम तं आत्ताच चाललं ना हातचं. काढा जी."

मी चार बोल्ट काढले. इंजिन थंड होऊ दिलं आणि निघालो. कारखान्याच्या गेटपर्यंत दिवा लागला नाही. तिथला माणूस कुरकुरला, पण माल उतरवून घेतला. दुसरी गाडी लागली नाही. पुंडलिकरावांचा सीझन वाचला.

मी फोटोंसकट रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, "अंडर रिव्ह्यू." शिवाय ताकीद आली की कोणत्याही गाडीची पाटी काढायची नाही, ग्राहकांना दुपारी माल कमी भरण्याचा सल्ला द्यावा. उन्हाळाभर माझ्याकडे तापलेल्या गाड्या येत राहिल्या आणि रिव्ह्यू चालू राहिला. पुंडलिकरावांची वॉरंटी मात्र रिव्ह्यूविना, तत्परतेने रद्द झाली.

मग करार मोडला. लगेच सर्क्युलर आलं: सर्व गाड्यांवरच्या पाट्या त्वरित काढाव्यात, काढण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो अपलोड करावा, अन्यथा इंजिनाचा क्लेम मंजूर होणार नाही. कारण तापणं नव्हे. कारण ट्रेडमार्क. ग्राहकांच्या बोंबलण्याने जे चार बोल्ट हलले नाहीत, ते ह्यांच्या काडीमोडाने आठवड्याभरात निघाले.

मी पुंडलिकरावांची वॉरंटी परत द्या म्हणून लिहिलं. उत्तर आलं की पाटी आदेशापूर्वी काढल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

"मंग आता पुन्हा लावून पुन्हा काढू काय?" ते वैतागून म्हणाले.

मी सबनीसांना फोन केला आणि हेच विचारलं. त्यांनी सर्क्युलर काढून पुन्हा वाचलं. "टेक्निकली," ते हळूच म्हणाले, "चालेल."

भंगारातून पाटी शोधली. चार बोल्ट लावले, फोटो काढला. चार बोल्ट काढले, फोटो काढला. संध्याकाळपर्यंत सिस्टीममध्ये वॉरंटी जिवंत झाली. पुंडलिकराव हसले नाहीत. "हे लोक इंजिन बनवतेत?" एवढंच विचारलं आणि गाडी घेऊन गेले.

आता नव्या पार्टनरच्या इंजिनाची पिकअप येणार आहे. शोरूममध्ये गिऱ्हाईक विचारतात, साहेब, इंजिन कोणाचं? मी सांगतो, ते ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापलेलं आहे. बिघडल्यावर ते कोणाचं असेल, तेवढं लेखी घ्या आणि मगच चावी घ्या. सेल्सवाले माझ्यावर चिडतात. लेखी अजून कोणाला मिळालेलं नाही.