मावशीची पापणी

अंड्याला ऊब पुरेशी आहे की नाही हे माझ्या मावशीला डोळ्यांनी कळतं. म्हणजे खरोखरच डोळ्यांनी. अंडी उबवायच्या कपाटाएवढ्या यंत्रातून ती एक अंडं काढते, मिटलेल्या पापणीवर टेकवते आणि निकाल देते, "बरोबर," किंवा "चढलंय." बारा वर्षांपूर्वी तिने असाच निकाल दिला आणि थर्मामीटर चुकीचा निघाला. तेव्हापासून आमच्या उबवणी केंद्राचे मालक थर्मामीटरपेक्षा मावशीला मानतात आणि मावशी कोणालाच मानत नाही. मी तिची सख्खी भाची, तिच्याच हाताखाली काम करते, पण लाडबीड काही नाहीत हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पंख्याखाली घाम पुसत असताना ही बाई स्वेटर घालून येऊ लागली. जेवण निम्म्यावर आलं तरी अंग भरत चाललेलं. बसल्या बसल्या डुलक्या. विचारलं की म्हणायची, "वय झालं," आणि यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही असा चेहरा करायची.

त्याच दिवसांत पापणी रोज एकच सांगू लागली, "चढलंय, कमी कर." मी बघायची तर थर्मामीटरचा आकडा ठीक असायचा. एकदा भीत भीत तसं बोललेही.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून अंडी उबवतेय मी," मावशी म्हणाली. मी निमूटपणे बटण खाली फिरवलं.

पिल्लं एकविसाव्या दिवशी बाहेर यायला हवीत. बाविसावा गेला. तेविसाव्याला काही मरगळलेली पिल्लं आली, बाकी अंडी तशीच राहिली. मावशीने आधी यंत्राला दोष दिला, मग कोंबड्यांना. "आळशी झाल्यात मेल्या." पुढची खेपही तशीच गेली, तेव्हा मालकांनी तिला हळू आवाजात सांगितलं, "मावशी, अजून एक खेप बघू. नाही जमलं तर तुम्ही आता घरी आराम करा."

ती यंत्रामागे जाऊन रडली. तीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी तिला ओढत दवाखान्यात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट तिने डॉक्टरीणबाईंच्या हातातून काढूनच घेतला. टीएसएच अठ्ठेचाळीस. हवं पाचच्या आत. थायरॉईड कमी पडतंय, असं बाई म्हणाल्या.

"बघा, माझं थायरॉईड जास्तच आहे," ती तोऱ्यात म्हणाली. "कमतरता कसली सांगताय?"

"मावशी, तुमचं यंत्र गार पडलं की काय होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हीटर सुरू होतो. ऊब पुरेशी झाली की आपोआप बंद."

"शरीरातही तसंच आहे. मेंदूखाली एक छोटी ग्रंथी असते. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी दिसलं की ती टीएसएच सोडते आणि गळ्यातल्या ग्रंथीला सांगते, आणखी बनव. पुरेसं झालं की गप्प बसते. तुमची गळ्यातली ग्रंथी दमलीय, म्हणून वरची सारखी ओरडतेय. हा आकडा त्या ओरडण्याचा आहे."

मावशीने जरा विचार केला. "म्हणजे हीटर जळलाय आणि खटका बिचारा चालूच."

"अगदी. म्हणून तर अंग गार पडतं, सुस्ती येते."

मावशीचं बोट हळूच पापणीकडे गेलं. पापणीच गार, तर अंडं ऊनच लागणार. माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आत तिला कळलं होतं. "दोन खेपा," ती म्हणाली. "मीच घालवल्या गं."

रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. तिसरी खेप तिने पापणी न लावता दोन थर्मामीटरवर काढली, आणि एकविसाव्या दिवशी खोलीभर असा चिवचिवाट झाला की मालक चपला न घालताच धावत आले. आराम करायचं पुन्हा कोणी बोललं नाही. तीन महिन्यांनी टीएसएच तीनवर आलं, स्वेटर ट्रंकेत गेला आणि बोलणी खायची माझी पाळी पूर्ववत सुरू झाली.

एका सकाळी तिने अंडं पुन्हा पापणीला लावलं. "बरोबर." मग ते माझ्यापुढे धरलं. "आता तू बघ."

मी डोळा मिटला. "मला कमी वाटतंय."

मावशीने तोच जुना चेहरा केला. "तेव्हाही तुला वेगळं दिसत होतं. मग एकदाच बोलून गप्प का बसलीस?"

"तुझी भीती वाटायची."

"ती वाटू दे," ती म्हणाली. "आता परत बघ."

मी परत बघितलं. "कमीच आहे, मावशी."

तिने थर्मामीटरकडे पाहिलं. आकडा जरा खालीच होता. तिने बटण वर फिरवलं.