मंगळवारी तीन इंच

आक्का गेली हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते लिहिलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तिच्या लेकीचा, सुजाताचा फोन होता. "म्याडम, आई गेली... झोपेतच," म्हणून पोरगी रडत होती, मी "अगं बाई, अगं बाई" करत होते, आणि आत कुठंतरी वाटून गेलं, आता तरी लोक मला विचारायला येतील. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज काही जात नाही. म्हणून लिहायला बसले.

रत्नप्रभा तिचं नाव. आमच्या दूध संघाच्या संगणक विभागात ऑपरेटर, शिक्षण बारावी, कागलहून सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची. मी खातेप्रमुख. इंजिनिअर, वयानं तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, खुर्चीमागं चार सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलेली. पण दारातनं येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरनं बघत विचारणार, "आक्का हाईत काय?" मी म्हणायची, "मी आहे की इथं, बोला." तर म्हणणार, "ऱ्हावू द्या म्याडम, तुमाला कशाला तरास." ती सगळ्यांची आक्का आणि मी सगळ्यांची म्याडम. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आमचा डेटाबेस सर्व्हर जे जे करतो ते आधी एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतो. या फाइलचा बॅकअप वेळेवर झाला की ती आतून मोकळी होते, नाही झाला की फुगत जाते, आणि डिस्क भरली की सर्व्हर गावोगावच्या दुधाची एकही नोंद घेत नाही. आक्कानं सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी एक लाकडी फूटपट्टी उभी टांगलेली आणि तिला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावलेला. बारा इंच म्हणजे डिस्क काठोकाठ. रोज आल्या आल्या लॉग किती भरली ते बघायचं आणि चिमटा तेवढा वर-खाली सरकवायचा. झाडलोट करणारी मावशीसुद्धा जाता जाता चिमटा बघून "आज बरं हाय की," म्हणायची. मला ते पोरखेळ वाटायचं. खरं सांगायचं तर मला ते सुचलं नाही याचा राग होता.

मग मी रीतसर मॉनिटरिंग लावायचं ठरवलं. चार दिवस दुसरं काही केलं नाही. दर पंधरा मिनिटांनी लॉग तपासायची, ऐंशी टक्के भरली की मोबाइलवर मेसेज. मेसेज कुणाकुणाला जावा, त्या रकान्यात फक्त माझा नंबर घातला. आक्काचा घालायला जागा होती, घातला नाही. "आता ती फूटपट्टी काढा, आक्का," म्हटलं. ती हसून म्हणाली, "असू दे की म्याडम, काय खातीय व्हय तुमचं?"

पुढच्याच आठवड्यातला मंगळवार. आक्का माझ्या टेबलाशी आली. "म्याडम, चिमटा साडेसहावर गेलाय बगा."

"म्हणजे निम्म्याच्या जरा वर. ऐंशीला मेसेज येईल की."

"ते खरं. पर आज मंगळवार हाय. रविवारी डेटाबेसची साफसफाई चालती म्हणून सोमवारी लॉग चढती. मंगळवारी तीनच्या वर जात न्हाय कवा."

मी मान वर न करता म्हटलं, "आक्का, ते मशीनला कळतं." तिला बरोबर आहे म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं... दुसरं काही नाही. आदल्या दिवसापासून लॉगचा बॅकअप बंद पडला होता. नुसता उघडून बघितला असता तर दिसलं असतं.

बुधवारी सकाळी मेसेज आला तेव्हा मी अंघोळीला गेलेले. संकलनाची ऐन वेळ. फोन हातात घेतला तोवर डिस्क भरून सर्व्हर ठप्प, मलकापूरकडच्या दुधाच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या आणि हॉर्नचा नुसता गदारोळ. धावत पोचले तर साहेब विभागातच उभे. "कुणाचं लक्ष नव्हतं?" म्हणून ओरडले. आणि मागनं आक्का म्हणाली, "साहेब, म्याडमनी कालच बघाया सांगितलंतं. माझ्याकडनंच ऱ्हायलं."

तिला मेमो मिळाला. खातेप्रमुख म्हणून त्याच्यावर सही माझी. मी केली ती सही.

नंतर जिन्यात गाठून विचारलं, असं का केलंत? तर म्हणाली, "मला चार शिव्या देतील, झालं. तुमाला हलवलं तर त्या मशीनला कोण बघणार?" आभार मानायचे सोडून मी त्या दिवशी आणखी जळले. मोठेपणातसुद्धा ही बाई मला पुढं जाऊ देईना!

जलदान विधीला कागलला गेले. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, बाहेर मांडवात आमचा निम्मा संघ. सुजातानं चहा दिला आणि शेजारी बसून सरळ म्हणाली, "आई लई जळायची तुमच्यावर." "माझ्यावर?" मी विचारलं. "रोज घरी आली की तेच. म्याडमगत शिकाय मिळालं असतं तर मी काय केलं असतं... त्यांनी चार दिसात मशीन बोलतं केलं, मी आपली चिमटा सरकवती."

सांगायला लाज वाटते, पण ऐकून आधी मला बरं वाटलं. घोटभर चहा घेईपर्यंत टिकलं ते. म्हणजे दोघीही जळत होतो. तिनं मेमो घेतला आणि मी त्याच्यावर सही केली.

तो मेमो माझ्या नावावर करा, असा अर्ज मी साहेबांना दिला आहे. "मेलेल्या माणसाचा मेमो बदलून काय करायचंय?" म्हणून ते वैतागले, पण अर्ज ठेवून घेतला. फूटपट्टी खाली काढली तर पाठीमागं पेन्सिलनं वार लिहिलेले, प्रत्येकापुढं एक रेघ. त्या रेघांवरून मी मॉनिटरिंगमध्ये प्रत्येक वाराची वेगळी मर्यादा घातली. आता लॉग त्या वाराच्या रेघेच्या वर गेली तरी मेसेज येतो, आणि त्या रकान्यात आता आक्काचाही नंबर घातलाय; तिचा फोन सुजाताच्या घरात नुसता पडून आहे, तरी तिथंही जातो. तो नंबर काढायला माझा हात होत नाही.

फूटपट्टी परत टांगली आहे. सकाळी मीच चिमटा सरकवते. परवा एक टँकरवाला दारातनं डोकावला, माझ्याकडं न बघता थेट फूटपट्टीकडं बघून म्हणाला, "आक्का बरी हाय की आज," आणि गेला. जळले मी, नाही कशाला म्हणू... आज मंगळवार. चिमटा तीनवर आहे.