सगळ्याच पोरी पास

तुळजाबाई मूळच्या टेंभुर्णीच्या. नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली तेव्हा त्या ऐन बाविशीत होत्या. पत्र्याची पेटी उचलून माहेरी आल्या आणि महिन्याभरातच भावाला म्हणाल्या, "मला जालन्याला नेऊन सोड. तुझ्या चुलीला भार न्हाई व्हायचं मला." ते १९८१ चं साल. जालना नुकताच जिल्हा झाला होता. एका जुन्या दवाखान्यात नर्सिंग शिकवत, तिथं त्या चिकटल्या.

तिथल्या थोरल्या सिस्टर फार कडक होत्या. शेवटच्या प्रात्यक्षिकात त्यांनी तुळजाबाईंना नापास केलं. कारण काय, तर पोट तपासताना तुळजाबाईंनी पेशंट बाईला विचारलं नव्हतं, हात गार होते, बाई दचकली. "तिच्या अंगाला हात लावतीयेस, कणकेच्या गोळ्याला न्हाई," एवढंच थोरल्या सिस्टर बोलल्या. तुळजाबाई रडल्या, चिडल्या, पुढच्या परीक्षेपर्यंत पुन्हा घासल्या. पास झाल्या तेव्हा आपल्याला हे काम येतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका उरली नव्हती.

पुढं सरकारी नोकरी लागली. खेडोपाडी बाळंतपणं करता करता त्या जालन्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला आल्या, आणि आजूबाजूच्या नर्सिंग शाळांमध्ये परीक्षक म्हणून त्यांना पाठवू लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी या शाळा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. अंबड रस्त्यावर साहेबरावांची अशीच एक शाळा होती. खताच्या दुकानावर तीन खोल्या, जिन्यात पोत्यांचा उग्र वास, आणि वर भिंतीभर पुढाऱ्यांसोबत काढलेले साहेबरावांचे फोटो. १९९८ च्या मार्चमध्ये तुळजाबाई तिथं परीक्षेला गेल्या, तेव्हा मागच्या मोरीशेजारी मटण शिजत होतं. फिनाईलचा आणि मसाल्याचा वास एकमेकांत मिसळून खोलीभर पसरला होता. त्यांनी पदर नाकाला लावला.

दुसरे परीक्षक डॉक्टर मच्छिंद्र आधीच खुर्चीत रेलून बसले होते. गावात त्यांचा खासगी दवाखाना होता आणि साहेबरावांशी जुनी बैठक.

"बाळंतपण शिकवायची बाहुली कुठंय?" तुळजाबाईंनी विचारलं.

"ऑर्डर दिलीय, बाई. मुंबईहून निघालीय," साहेबराव हसत म्हणाले.

"मागच्या सालीबी निघाली होती."

साहेबराव आणखीच हसले. टेबलावर चादरीत गुंडाळलेली उशी ठेवली होती. पोरी एकेक करून त्या उशीचं बाळंतपण करत होत्या. एकीने उशीची नाळ कापली आणि कात्री तशीच खिशात टाकली. डॉक्टरांनी मान डोलावली.

मग खऱ्या पेशंटची पाळी आली. कोपऱ्यातल्या बाकावर कमरबी नावाची बाई सकाळपासून बसवून ठेवली होती. वीस-एकवीस वर्षांची, आठवा महिना. नवरा शेजारच्या गॅरेजात कामाला. मोठे डॉक्टर फुकट तपासतील, असं सांगून तिला आणलं होतं. तपासलं कुणीच नव्हतं. पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

पोरींनी तिचं ब्लडप्रेशर घ्यायचं होतं. पहिली आली, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या आणि म्हणाली, "एकशे वीस, ऐंशी." दुसरी आली. "एकशे वीस, ऐंशी." तिसरीचंही तेच. डॉक्टर मच्छिंद्र न बघता मार्क टाकत होते.

तुळजाबाईंचं लक्ष मशीनच्या नळीकडे गेलं. पारा थोडासा चढत होता आणि फुस्सकन खाली येत होता. पट्ट्याचं रबर फाटलेलं होतं. त्या मशीनवर एकशे वीस कधी दिसलेच नसते, कुणाचेही.

पुढची पोर आली. नंदा तिचं नाव. तिनेही पट्टा बांधला, फुगा दाबला. "एकशे वीस..."

"कुठं दिसले तुला एकशे वीस?" तुळजाबाईंनी तिचा हात धरला. "पारा बघ. कुठंय?"

नंदा लालबुंद झाली. "बाई, शाळेतल्या सरांनी सांगितलंय असंच म्हणायचं. नॉर्मल तेवढंच असतंय."

खेड्यात फिरताना वापरायचं स्वतःचं मशीन तुळजाबाईंच्या पिशवीत असायचंच. ते काढलं. कमरबीजवळ बसून म्हणाल्या, "हात लावू का, बेटा?" कमरबीने मान हलवली. तिचा चेहरा सुजलेला होता. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"सर दुख रा, बाई. सुबूसे," कमरबी पुटपुटली. "आँखों के सामने अंधेरी आ री."

पारा एकशे ऐंशीला ठोके देऊ लागला. तुळजाबाईंनी पुन्हा घेतलं. तेच.

"डॉक्टर, हिला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्यावं लागंल. झटके येतील हिला."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "परीक्षा उरकू द्या, मंग बघू. अशा बायकांना सवय असती."

"कशाची सवय? मरायची?"

साहेबराव मध्ये आले. "बाई, जेवण तयार आहे. जेवून घ्या, मंग पाठवू ना बराबर आपल्या गाडीत."

तुळजाबाईंनी दोघांकडे पाहिलं. चुलीवरच्या पातेल्यात कुणीतरी पळी फिरवत होतं. या माणसांशी आणखी एक शब्द बोलण्याचीही त्यांना किळस आली. त्यांनी कमरबीला उठवलं, नंदाला म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूनं धर," आणि दोघींनी तिला जिन्याने खाली उतरवून रिक्षात घातलं.

दवाखान्याच्या फाटकाशीच कमरबीचे डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ होऊन उडायला लागलं. नंदा किंचाळली. "वरडू नको! कुशीवर कर तिला, डोकं धर!" तुळजाबाईंनी स्वतः तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदराने पुसला, आणि रिक्षावाल्याला आतून माणसं बोलवायला पिटाळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, अगदी लहानशी, पण रडली. कमरबीही वाचली.

परीक्षेच्याच दिवशी दुपारी तुळजाबाई राहिलेली पिशवी घ्यायला शाळेत परतल्या होत्या. परीक्षा संपली होती. टेबलावर खरकटी ताटं होती, हाडं चघळून ठेवलेली. डॉक्टर मच्छिंद्र दात कोरत होते. मार्कांचा कागद तयार होता. सगळ्याच पोरी पास. नंदासुद्धा, जी निम्म्या परीक्षेतून उठून गेली होती. तिलाही फर्स्ट क्लास.

"एवढी सही करा की, बाई," साहेबरावांनी पेन पुढं केलं. पेनाला रस्सा लागला होता.

"न्हाई करणार."

"तुमच्यावाचून काय अडून राह्यलंय का?"

खरंच अडलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी सही झाली आणि निकाल लागला. तुळजाबाईंनी वर तक्रार केली. चौकशीला दोन साहेब आले, साहेबरावांच्या ऑफिसात बसले, चहा प्याले, आणि त्यांनी शोध लावला की परीक्षक बाई परवानगी न घेता परीक्षा सोडून गेल्या होत्या. फाटक्या रबराबद्दल अवाक्षर नाही. तुळजाबाईंची बदली जाफ्राबादकडच्या एका आडगावातल्या आरोग्य केंद्रात झाली.

तिथं काही महिन्यांनी नंदा आली. हातात मिठाईचा पुडा. अंबडच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती.

"पेढे कशाचे?" तुळजाबाई भडकल्या. "तुला काय येतं म्हणून पेढे वाटून राह्यलीस? लाज न्हाई वाटत?"

नंदा दारातच उभी राहिली. "वाटती, बाई. म्हणूनच आलेय. मला काहीच येत न्हाई. तिथं कुणाला सांगू? सांगितलं तर हाकलून देतील."

तुळजाबाईंच्या ओठांपर्यंत शिव्या आल्या होत्या, त्या त्यांनी साहेबरावांसाठी राखून ठेवल्या. "दर रविवारी ये," त्या म्हणाल्या. "आधी साबणानं हात धू. नखं काप. मग बघू."

ती येत राहिली. वर्षभराने एका अडलेल्या बाळंतिणीला तिने वेळेवर जालन्याला धाडलं, तेव्हा तुळजाबाईंनी तिची पहिल्यांदा पाठ थोपटली. पण बाकीच्या पोरींचं काय? त्या सगळीकडे पसरल्या होत्या, कुठल्या कुठल्या दवाखान्यांत, कुणाकुणाच्या अंगाला हात लावत.

२००५ साली साहेबरावांच्या शाळेची नवी इमारत झाली. उद्घाटनाला जिल्ह्यातल्या जुन्या परिचारिकांचा सत्कार होता. साहेबराव स्वतः गाडी घेऊन आडगावी आले, शाल-नारळाचं निमंत्रण घेऊन. "झालं गेलं विसरा, बाई. तुमच्यासारख्यांमुळं शोभा येती."

तुळजाबाई तेव्हा एका बाईच्या पायातला काटा काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. "पेशंट तपासून राह्यले मी."

साहेबराव ओसरीवर तासभर उभे राहिले. आत एकामागून एक बाया येत होत्या, आणि तुळजाबाई प्रत्येकीला सावकाश तपासत होत्या. शेवटी बाहेर गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला. त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.