मागावरचा आवाज

सरकारी दवाखान्यात माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी निपचित पडली होती. तिचा नवरा उशाशी बसून इतक्या मोठ्यानं बोलत होता, की नर्स वैतागली.

"बाबा, हळू बोला ना!"

"काय म्हणता?" तो ओरडलाच.

दोघांचा उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, हे त्यानंच मला सांगितलं. त्याच्या बापाचा हातमाग घरातच होता. विणता विणता बापाला बायकोशी हळू बोलता यायचं. कारखान्यानं तो हळू आवाज नेला, कानही नेले. आणि वर आपण म्हणतो, या लोकांना बोलायची रीत नाही.

कारखान्यात ती दोघं एकमेकांचे ओठ बघून बोलत. आता तिचे डोळे मिटलेले.

"डोळे उघड गं," तो ओरडत होता, "मी काय बोलतोय ते बघ तरी!"