नकाशेताईंचं लॉगिन

ऑफिसात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. हातात ना थापी ना करवत; पण शर्टाच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असे, आणि अडलेला कॉम्प्युटर ते आधी बोटांनी ठोकून बघत, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

इमारतींचे नकाशे काढणारं ते ऑफिस. पूर्वी तिथे इतका कलकलाट असे की फोनवर बोलायला जिन्यात जावं लागे. मग एकेक जण घरून काम करू लागला. टेबलं राहिली, कॉम्प्युटर राहिले, माणसं तेवढी गेली. नकाशांच्या जड फायली ऑफिसच्या मशीनवरच उघडत, म्हणून सगळे घरी बसून दुरून त्यात लॉगिन करत. आणि एखादं मशीन रुसलं तर उठून त्याचं बटण दाबायला कोणीतरी हवं, म्हणून मिस्त्री रोज येत. दार उघडत, दिवे लावत, आणि बोलायला कोणी नाही म्हणून मशीनशीच बोलत.

घरीही तीच गत. बायको नातवाला सांभाळायला लेकाकडे परदेशी गेली होती. ‘थोडे दिवस’ म्हणता म्हणता तिथलीच झाली. व्हिडिओवर आजोबा दिसले की नातू लगेच टाटा करायचा. आजोबा म्हणजे टाटा करायचं माणूस, असंच त्याला वाटत असावं.

एका सकाळी फोन वाजला. “मिस्त्री, मी नकाशेताई. हे मला आत घेत नाहीये हो.”

खिडकीजवळचं टेबल त्यांचं. त्यांच्यासारखी रेघ ऑफिसात कोणाचीच नव्हती. नवरा गेल्यापासून त्या रजेवर होत्या. मिस्त्रींनी त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला.

“काय म्हणतंय ते?”

“या खात्याला दुरून लॉगिन करायची परवानगी नाही म्हणतंय. पासवर्ड तर बरोबर आहे.”

“बरोबरच आहे, ताई. चुकला असता तर तसं सांगितलं असतं. ओळखतंय तुम्हाला, पण उंबऱ्याच्या आत घेत नाहीये.”

“अगदी माझ्या सासूबाईंसारखं,” ताई म्हणाल्या आणि हसल्या.

मिस्त्री फोन कानाला लावूनच त्यांच्या टेबलाशी गेले. स्वतःच्या खात्यातून मशीन उघडलं. दुरून कोणाकोणाला येता येतं त्या यादीत ताईंचं नाव नव्हतं. त्यांनी ते घातलं.

“आता बघा.”

“पुन्हा तेच.”

मिस्त्रींनी खुर्ची ओढली. मशीनने होकार दिला होता, म्हणजे नकार वरून कुठून तरी येत होता. शोधता शोधता सापडला. लांबच्या रजेवरच्या लोकांना मुख्य ऑफिसने एका वेगळ्या गटात टाकलं होतं, आणि त्या गटाला दुरून यायची बंदी होती. ‘हो’ दहा ठिकाणी असो, एका ‘नाही’पुढे त्याचं काही चालत नाही.

“ताई, तुमची रजा संपली का?”

“नाही संपली. पण घर खायला उठतं हो, मिस्त्री. म्हटलं, कोणाला न सांगता एखादा नकाशा काढत बसावं.”

“न सांगता नाही जमायचं. मुख्य ऑफिसला दोन ओळी लिहा, कामावर येते म्हणून. पुढचं मी बघतो.”

ताईंनी लिहिलं. मग मिस्त्रींनी तिकडे फोन लावला.

“तुम्ही कोण बोलताय?” तिकडच्या बाईंनी विचारलं.

मिस्त्री जरा अडखळले. खरं नाव सांगून इतकी वर्षं झाली होती. “मी… इथली मशीन बघतो.”

दुपारपर्यंत बंदी उठली. मिस्त्रींनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सगळं तपासलं आणि ताईंना म्हणाले, “या आता.” समोरच्या स्क्रीनवर चौकट उमटली: ताईंना आत यायचंय, येऊ देऊ का? मिस्त्रींनी ‘हो’ दाबलं. त्याबरोबर त्यांच्यापुढची स्क्रीन बंद झाली. दुरून कोणी आत आलं की इथलं दार लागतं, ही त्याची रीतच आहे.

“उघडलं!” ताई म्हणाल्या. “सगळं जसंच्या तसं आहे.”

“टेबलही तसंच आहे. कधी इकडेच या ना.”

“ह्यांना ठेवलं होतं ते हॉस्पिटल त्याच रस्त्यावर लागतं, मिस्त्री. नको वाटतं.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढे सगळं बिनबोभाट चाललं. ताईंचं मशीन एकदाही अडलं नाही. मिस्त्री येता-जाता त्या काळ्या स्क्रीनकडे बघत. आतून पंखा घुमत असे, म्हणजे ताई कामात होत्या. चांगलंच होतं ते. तरी त्यांना रुखरुख लागून राहिली. बिघाड नाही, तर फोन कशाला येईल?

एका दुपारी डबा न उघडताच त्यांनी स्वतःहून नंबर फिरवला.

“ताई, लॉगिन नीट होतंय ना?”

“होतंय की.”

“मग ठीक. सहज विचारलं. ठेवतो.”

“अहो, लगेच ठेवू नका,” ताई म्हणाल्या. “जेवलात का?”

“नाही अजून.”

“मीपण नाही. एकटीसाठी पान वाढून घ्यायचा कंटाळा येतो.”

“या मग, बसू दोघं,” मिस्त्री म्हणाले. फोन टेबलावर उभा टेकवला आणि डब्याचं झाकण काढलं.