अर्जदार सीतालक्ष्मी, सोबत नवरा

सेतुमाधवराव चौदा वर्षं तंजावूरच्या अग्निशमन दलात होते, आणि राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचा रुबाब कलेक्टरहून तसूभरही कमी नव्हता. लाल गाडी घंटा वाजवत निघाली की म्हाताऱ्या ओट्यावर येऊन म्हणत, "आमचा सेतू चालला!"

शहाण्णव साली त्यांच्या आत्येभावानं न्यूझीलंडहून एक फॉर्म धाडला. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी, सगळ्याला गुण. बेरीज जमली की बायकोसकट तिकडे कायमचं राहता येतं. फॉर्म वाचून सेतुमाधवरावांनी जाहीर केलं, "आम्ही चाललो."

सीतालक्ष्मी सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स होती. कामावर निघता निघता म्हणाली, "बाजारात? मग कोथिंबीर आणा."

कोथिंबीर राहिली. राव थेट कल्याणरामच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले. गल्लीतल्या कुणाचंही इंग्रजी त्याच्याच यंत्रातून बाहेर पडे.

"कामाचं स्वरूप सांग," कल्याणराम म्हणाला.

"गेल्या वर्षी अकरा झोपड्या विझवल्या, तीन गवताच्या गंजी. ओरत्तनाडूला विहिरीतून गाय काढली. नारळावर चढून घाबरलेला एक माणूस उतरवला."

कल्याणरामनं खडखडाट केला. कागदावर उमटलं ते असं: अरुंद जागेतील बचावकार्य, अति उंचावरील बचावकार्य.

"अरे, गाय कुठं गेली?"

"गाय आत आहे. दिसत नाही, एवढंच."

मग गुणांची बेरीज झाली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पेन्सिल बदलून. त्या वर्षीच्या गरजेच्या व्यवसायांच्या यादीत अग्निशामक नव्हताच. गुण कमी पडत होते, आणि नारळाची उंची वाढवूनही काही होणार नव्हतं.

तेवढ्यात ड्यूटी आटोपून सीतालक्ष्मी कोथिंबिरीचा तपास करायला तिथं पोचली. यादी हातात घेऊन उभ्या उभ्या वाचली. "नर्स आहे की यात!"

कल्याणरामनं नवा कागद चढवला. नर्सिंगची पदवी, दहा वर्षं अपघात विभाग, वय एकतीस. बेरीज जमली, वर दोन गुण उरले.

"आणि माझं नाव?" रावांनी विचारलं.

"आहे ना. या रकान्यात. अवलंबित जोडीदार."

दोन दिवस रावांनी रसमला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शेषम्मा, त्यांची आई, ताटात भात वाढताना म्हणाली, "सेतू, तुझा बाप माझ्याशिवाय कुंभकोणमलासुद्धा जात नव्हता. त्याला कोणी फॉर्म दिला नाही, एवढंच." राव हसले आणि रसम मागून घेतलं.

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी दोघं मद्रासला गेले. ती आत, हे बाहेर, मांडीवर दहीभाताचा डबा. अर्ध्या तासानं ती पदरानं तोंड दाबत आली.

"काय विचारलं?"

"तुम्हाला ठाऊक असलेल्या धाडसी माणसाबद्दल बोला म्हणाले. मी ओरत्तनाडूची गाय सांगितली."

"मग?"

"गाय धडधाकट निघाली, नवऱ्याचं हाड मोडलं, अन् प्लॅस्टर मी घातलं, म्हटलं. साहेब इतके हसले की पुढचा प्रश्नच विसरले."

रावांनी डबा उघडला आणि पहिल्यांदा तिला दिला. चौदा वर्षांत त्यांच्या धाडसावर कुणी परीक्षा दिली नव्हती.

नर्सेसची नोंदणी, तपासण्या, शिक्के यांत दीड वर्ष गेलं. अठ्ठ्याण्णवच्या शेवटी दोघं एका छोट्या गावी पोचले. इस्पितळानं सीतालक्ष्मीला लगेच घेतलं. राव सफरचंदाच्या गोदामात पेट्या रचू लागले आणि तिच्याआधी घरी येऊन भात लावू लागले.

त्या गावात पगारी अग्निशामक नव्हते. भोंगा वाजला की पाववाला, मास्तर, न्हावी हातातलं काम टाकून धावत. राव एका संध्याकाळी बंबखान्यासमोर जाऊन उभे राहिले. दलाचा कप्तान पेशानं खाटीक होता. आपल्या सोवळ्या घराण्याला हे कसं कळवावं, याचा रावांनी क्षणभर विचार केला आणि कळवायचं नाही असं ठरवलं.

"अनुभव किती?" कप्तानानं विचारलं.

"सोळा वर्षं." दोन त्यांनी मनानं घातली.

कप्तानानं त्यांना हेल्मेट दिलं आणि मंगळवारी नव्या लोकांना नळी गुंडाळायला शिकवाल का, असं विचारलं. राव घरी आले तेव्हा सीतालक्ष्मी कामावरच होती. त्यांनी भात लावला आणि हेल्मेट घालूनच तिची वाट पाहत बसले.